विचारांनी काय होतं आणि काय होत नाही

पत्र:

"ताई, मी मूळची गंगाखेड तालुक्यातली, लग्नानंतर पुण्यात आले. वय ३१. एका कंपनीच्या बॅक ऑफिसला सहा वर्षं झाली. माझ्या कामात चूक सापडत नाही असं सर स्वतः म्हणतात, पण मी मीटिंगमध्ये बोलत नाही. पहिल्याच महिन्यात 'पानी' म्हणाले, 'काय करायलात' म्हणाले, तर दोघं-तिघं हसले आणि एकानं नक्कल करून दाखवली. तेव्हापासून तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. वाक्य आधी मनात तपासते, 'ण' असलेला शब्द आला की बदलते, पाण्याला वॉटर बॉटल म्हणते. डबा जागेवरच खाते. टीम लीडसाठी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा घरचं कारण सांगून नको म्हटलं. मग यूट्यूबवर एका कोचचं ऐकून कोर्स लावला. ३६९ ची वही लिहिते, सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा, 'मी आत्मविश्वासाने बोलते'. लिहिता लिहिता रडू येतं. ते म्हणतात की आपल्या आयुष्यात जे येतं ते आपल्याच विचारांनी ओढून आणलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी माझी आई तोंडाच्या कॅन्सरनं गेली. लहानपणापासून मिसरी लावायची. तिचं कळायच्या आधी वर्षभर मला सारखं वाटायचं की आईला काहीतरी होणार. मग ते मी ओढलं का? विचारांनी आयुष्य घडतं हे खरं असेल तर आईचं पण मीच केलं ना? आणि खोटं असेल तर मी वही कशाला लिहायलेय?

ता. क. परवा माझी पाच वर्षांची मुलगी म्हणाली, 'आई, पानी नाही, पाणी.' मी संध्याकाळभर तिच्याशी बोलले नाही. आणि मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एकीनं विचारलं, 'तुला आम्ही आवडत नाही का गं?' मला काही सुचलं नाही, हसून निघून आले."

उत्तर:

तुला 'तू' म्हणते गं, चालेल ना. माझी मोठी मुलगी तुझ्याच वयाची आहे, आणि तुझं पत्र वाचल्यापासून दोन दिवस मी काम करता करता मध्येच थांबत होते, त्यामुळे तुम्ही-आम्ही काही जमणार नाही मला.

आधी आईचं बोलू. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तू पुढचं नीट वाचणारच नाहीस.

नाही. तुझ्या विचारांनी आईला काही झालेलं नाही. मिसरी, कोणी मशेरी म्हणतं, म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तोंडाच्या कॅन्सरचं तंबाखू हे मोठं आणि पक्कं कारण आहे, यात डॉक्टरांमध्ये दुमत नाही. रोज बोटानं हिरडीला लावायची, दिवसातून दोनदा, तीनदा, मग शेतात भूक मारायला, मग नुसती तलफ म्हणून, आणि अशी वर्षानुवर्षं तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीवर तंबाखूतली विषं बसत राहतात, पेशी बिघडत जातात. आपल्याकडे किती बायकांना ही सवय आहे आणि ती कुणी वाईट म्हणून मोजतसुद्धा नाही, बाईनं बिडी ओढली तर गाव बोलतं, मिसरी लावली तर म्हणतात दात घासतीय. तुझ्या आईला बारा-तेरा वर्षांची असताना कुणीतरी ते बोट लावायला शिकवलं असेल तेव्हा तू जन्मालाही आली नव्हतीस. तुझ्या पत्रात हे कारण तू स्वतःच लिहिलंयस, एका छोट्या वाक्यात, आणि लगेच पुढं जाऊन सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलायस.

माणसाच्या स्वभावानं, काळजी करण्यानं कॅन्सर होतो का हे लोकांनी तपासलंयही. स्वीडन आणि फिनलंडमधल्या जवळपास ६० हजार माणसांवर काही जणांच्या बाबतीत ३० वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास २०१० साली छापून आला. काळजीखोर माणसांना कॅन्सर जास्त होतो असं काही त्यात सापडलं नाही. आणि ही गोष्ट तरी त्या माणसाच्या स्वतःच्या मनाची झाली. पुण्यात बसलेल्या लेकीच्या मनात काय आलं त्यानं गंगाखेडच्या आईच्या तोंडात गाठ येते, असा कुठलाही रस्ता शरीरात नाही.

मग वर्षभर वाटत का होतं? मला वाटतं लांब राहणाऱ्या प्रत्येक लेकीला वाटतं. माझे वडील गेले तेव्हा भावाचा फोन रात्री पावणेबाराला आला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं रात्री अकरानंतर फोन वाजला की माझे हातपाय गार पडायचे, उचलायच्या आधीच मी मनात अर्धी रडून झालेली असायचे. रिंगटोन तीच, जी दुपारी वाजली तर मी पोळी लाटता लाटता खांद्याला लावून बोलायचे. आणि त्या सगळ्या रात्रींमध्ये काय निघालं? राँग नंबर. भाच्याचा रिझल्ट. शेजारणीला गॅसची टाकी हवी होती. एकदाही तसलं काही निघालं नाही. माझ्या भीतीनं गोष्टी ओढल्या जात असत्या तर आमच्या घरात कोणी शिल्लक राहिलं नसतं. तूही जरा आठव, गेल्या दहा वर्षांत किती वेळा 'काहीतरी होणार' वाटलं आणि काहीच झालं नाही, मुलीचा ताप, नवऱ्याची उशीर झालेली एसटी, गावाकडची पावसातली रात्र. ते आपण मोजत नाही. एक खरं निघालं की तेवढंच लक्षात राहतं आणि मग वाटतं मला आधीच कळलं होतं.

आणि हे वाचून आता 'मग मी तेव्हाच तिला डॉक्टरकडं का नेलं नाही' असं दुसरं ओझं उचलू नकोस. मी तुला ओळखत नाही पण पत्रावरून इतकं कळतं की एक ओझं खाली ठेवलं की तुझे हात लगेच दुसरं शोधतात.

आता तुझा खरा प्रश्न. विचारांनी आयुष्य घडतं हे खरं की खोटं. तुला वाटतंय की याचं एकच उत्तर असणार, एकतर सगळं विचारांनी होतं किंवा काहीच होत नाही. तसं नाहीये. विचार बाहेरच्या जगात जाऊन काही करत नाहीत, त्यांना हात नाहीत. हात तुला आहेत. विचार तुझ्या डोळ्यांना सांगतात कुठं बघायचं, जिभेला सांगतात गप्प बस, पायांना सांगतात तिकडं जाऊ नको, आणि मग त्या डोळ्यांनी, जिभेनं, पायांनी जे होतं ते तुझं आयुष्य असतं. या वाटेनं विचार फार म्हणजे फार काही करतात.

तुला एक प्रयोग सांगते, मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ तसाच हातात धरून बसले होते. १९८० च्या सुमाराचा आहे, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा नावाच्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेला. भाग घेणाऱ्यांच्या गालावर मेकअपनं एक मोठा व्रण काढला, खराखुरा वाटेल असा. आरसा दाखवला. बघ, असा दिसतोय तुझा चेहरा. मग सांगितलं की आता तू एका अनोळखी माणसाशी जाऊन बोल आणि त्याच्या वागण्यात काही फरक जाणवतो का ते आम्हाला सांग. पण जायच्या आधी, व्रण सुकून फुटू नये म्हणून जरा क्रीम लावतो असं म्हणत त्यांनी तो व्रण पुसूनच टाकला. गुपचूप. आरसा परत दाखवला नाही. म्हणजे ही माणसं स्वच्छ चेहऱ्यानं आत गेली आणि त्यांना वाटत होतं की गालावर भलामोठा व्रण आहे. बाहेर आल्यावर त्यांनी काय सांगितलं? समोरचा अवघडला होता. आपल्याकडं विचित्र नजरेनं बघत होता. कीव केल्यासारखं बोलत होता. नंतर त्यांना त्याच गप्पांचा व्हिडिओ दाखवला आणि विचारलं कुठं, दाखवा, तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हे बघा इथं त्यानं नजर फिरवली, इथं बघा.

आता नजर तर प्रत्येकजण फिरवतो गं. बोलताना कोणीच टक लावून बघत नाही. पण ज्याच्या मनात व्रण आहे त्याला ती फिरलेली नजर व्रणामुळेच फिरलेली दिसते. आपल्याकडं भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच, आणि मला त्यातला 'पाठी' शब्द महत्त्वाचा वाटतो, तो समोर कधीच येत नाही, आपण पळतो म्हणून तो मागं असतो.

तुझ्या गालावर सहा वर्षांपूर्वी कुणीतरी व्रण काढला. काढला, हे खरंय, ते काही तुझ्या मनाचे खेळ नव्हते, दोघं-तिघं हसले, एकानं नक्कल केली, आणि ते चुकीचंच होतं. त्यावर मी पुढं बोलणारच आहे. पण त्यानंतर सहा वर्षं तू तो व्रण घेऊन रोज ऑफिसला जातेस आणि तो अजून आहे का हे आरशात कधी बघितलंच नाहीस. त्या दोघा-तिघांतले आज तिथं कितीजण आहेत? कंपन्यांमध्ये माणसं टिकतात कुठं, त्यातला एखादाच असेल, कदाचित तोही नसेल.

आणि आता तुझं ता. क. आख्ख्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तू ता. क. मध्ये टाकलंयस, तेही शेवटी. "तुला आम्ही आवडत नाही का गं?"

परत वाच ते. तू सहा वर्षं समजतेयस की त्यांना तू आवडत नाहीस. आणि तिकडं त्या सहा वर्षं, किंवा ती जितकी वर्षं तिथं असेल तितकी, समजतायत की त्या तुला आवडत नाहीत. तिनं काय बघितलं असेल जरा तिच्या जागेवरून बघ. एक मुलगी आहे, कामात हुशार, साहेब तिचं नाव घेतात, काही विचारलं तर एका शब्दात उत्तर देते, जेवायला हाक मारली तर 'इथंच खाते' म्हणते, मीटिंगमध्ये तोंड मिटून बसते, कुणी हसून बोललं तर नजर खाली. तिला घाम दिसत नाही तुझा. तू आतल्या आत 'ण' चाळत बसलेली आहेस हे तिला कसं कळणार? तिला दिसतो तो भाव. तिला वाटत असेल आखडू आहे, आपल्यात मिसळायचंच नाही तिला. मग हळूहळू हाक मारणं बंद होतं. आणि ते बंद झालं की तू म्हणतेस, बघ, मला माहीतच होतं.

हे बघ, असं घडतं विचारांनी आयुष्य. यात कुठं चुंबक नाही, लहरी नाहीत, विश्वाकडं मागणी नोंदवणं नाही. 'ते मला हसणार' हा विचार, त्यानं तू गप्प, त्यानं त्या लांब, आणि त्या लांब हा पुरावा, की परत तोच विचार. बैल घाण्याला फिरावा तसं. आणि टीम लीडचं पद याच घाण्यात दोनदा गेलं. त्यात कोणी कारस्थान केलं नाही, तू नको म्हणालीस.

आणि एक सांगू, तू 'ण' टाळतेस म्हणालीस ते वाचून मी कागद घेऊन बसले आणि बघितलं किती शब्द टाळावे लागतील. आणि. पण. म्हणून. म्हणजे. कोण. आपण. अगं 'आणि' टाळून मराठी बोलायची म्हणजे प्रत्येक वाक्याला अडथळ्यांची शर्यत आहे ही. एवढं सगळं डोक्यात चालू ठेवून तू कामात चूक करत नाहीस, म्हणजे तुझं डोकं काय ताकदीचं आहे याचा विचार कर. ती ताकद सगळी पहाऱ्यावर लावलीयस फक्त.

आता जिभेबद्दल, कारण इथं तुझ्या विचारांइतकाच दोष आजूबाजूच्या विचारांचा आहे आणि तो सोडून दिला तर मी तुझ्यावर अन्याय करीन. 'ण' न येणं हा अडाणीपणा आहे ही पण एक समजूतच आहे, आणि ती सगळ्या समाजानं मिळून धरलेली आहे. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात कितीतरी घरांत ण आणि न हे वेगळे बोललेच जात नाहीत. जे कानावर पडतं तेच जीभ शिकते. १९८४ साली कॅनडात इंग्रजी घरातल्या बाळांना आपल्या हिंदीतले ट आणि त ऐकवून बघितले होते, सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हीतला फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत तो कळेनासा झाला, कारण घरात त्या फरकाचं काही काम नव्हतं. पाळण्यात ठरतं हे. त्याचा हुशारीशी काय संबंध? पुण्यामुंबईकडच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांना 'ळ' जमत नाही तेव्हा आपण त्यांना मॉडर्न म्हणतो आणि तुझ्या 'पानी'ला गावठी म्हणतो, हे मला कधीच पटलं नाही. आणि तू गंगाखेडची! जनाबाईच्या गावची. दळता कांडता तिनं जी मराठी म्हटली ती आज सातशे वर्षांनी लोक पहाटे उठून म्हणतात. तुझी मराठी कमअस्सल आहे असं जो म्हणतो त्यानं मराठी कुठून आली हे विचारलेलं नाही.

म्हणून मी तुला 'ण' शिकून घे असं सांगणार नाही. तुला हौस असेल तर शीक, जमतो तो सरावानं, जीभ वर टाळूला वळवायची असते एवढंच. पण 'आधी ण येऊ दे मग बोलेन' अशी अट घालू नकोस, कारण मग ण आल्यावर तुला इंग्रजी ग्रामर खटकेल आणि ते आल्यावर अजून काही.

वहीचं काय करायचं? थांबव. त्यात रडू येतं यात तुझी श्रद्धा कमी पडते असं काही नाही. कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठात २००९ मध्ये हे बघितलं होतं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य माणसांना परत परत म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना अजून थोडं बरं वाटलं, आणि ज्यांना स्वतःबद्दल वाईट वाटत होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी असली वाक्यं बनवलेली असतात, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. साहजिक आहे ना. तू लिहितेस 'मी आत्मविश्वासाने बोलते' आणि आतून लगेच कुणीतरी म्हणतं खोटं, आज दुपारी काय केलंस? दिवसातून अठरा वेळा तू स्वतःला खोटं पाडायला बोलावतेस. रडू नाही येणार तर काय होईल.

मनातली समजूत ही घोकून बदलत नाही. ती बघून बदलते. जाऊन, करून, डोळ्यांनी बघून.

अल्बर्ट एलिस म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, १९५५ मध्ये त्यांनी जी उपचारपद्धती सुरू केली तिला आपल्याकडं विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात आणि महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजलीय. हे एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी ठरवलं की घराजवळच्या ब्रॉन्क्सच्या बागेत रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची, भीती वाटो नाही तर काही होवो. महिनाभर गेले. ते स्वतः सांगायचे, १३० जणींपाशी बसलो, ३० उठून निघून गेल्या, १०० जणींशी बोललो, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. तू म्हणशील हा तर सपशेल पराभव. पण त्यांची भीती गेली. कारण १३० वेळा त्यांनी डोळ्यांनी बघितलं की नकार आला तरी आभाळ कोसळत नाही, कोणी पोलिस बोलावत नाही, आपण संध्याकाळी घरी जाऊन जेवतो.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मराठीत फार सोपी होते, कारण आपल्याकडं 'च' आहे. स्वतःच्या त्रासाचं वाक्य लिहायचं आणि त्यात 'च' कुठं लपलाय तो शोधायचा. कोणी हसताच कामा नये. मला शुद्ध बोलता आलंच पाहिजे. हसले तर माझी किंमत गेलीच. तो 'च' काढून वाच. कोणी हसलं नाही तर बरं. मला छान बोलता आलं तर आवडेल. हसले तर वाईट वाटेल. वाईट वाटेल, हो, वाटू दे, वाईट वाटणं माणसाला पेलतं. 'गेलीच' पेलत नाही. हे वाक्य 'मी आत्मविश्वासाने बोलते'सारखं चमकदार नाहीये पण ते खरं आहे, आतून कोणी त्याला खोटं म्हणणार नाही.

वहीची उरलेली पानं मात्र फाडू नको, ती कामाला येतील. एका पानावर मीटिंगच्या आधी लिही, मी आज एक वाक्य बोलले तर किती जण हसतील. आकडा लिही, तुला जो खरा वाटतो तो, माझ्या समाधानासाठी कमी करू नकोस. पाच वाटत असेल तर पाच. मग मीटिंगमध्ये एकच वाक्य बोल, कामाचं, तुला नीट माहीत असलेलं, आणि 'ण' आला तर येऊ दे, बदलू नकोस, हीच तर अट आहे. बोलून झालं की खाली बघू नको, वर बघ आणि मोज. खरोखर मोज. खाली बघितलं की आपण कानांनी हसू ऐकतो जे नसतं. परत येऊन शेजारी खरा आकडा लिही. असे दहा-बारा वेळा झाले की तुझ्याकडं तुझ्या स्वतःच्या हातचा हिशोब असेल, कोचचा नाही आणि माझाही नाही.

मधूनमधून मुद्दाम 'पानी' म्हण. कॅन्टीनमध्ये, जरा मोठ्यानं, 'भैया, एक पानी द्या'. पहिल्यांदा छातीत धडधडेल, ती धडधड ओसरेपर्यंत तिथंच उभी राहा, लगेच पळू नको, पळालीस तर शरीराला वाटतं वाचलो, म्हणजे खरंच धोका होता. ओसरते ती, थोडा वेळ दिला की.

आणि समजा कोणी हसलंच? शून्य येईल अशी हमी मी देत नाही, एखादा निघेल. तेव्हा साठी एक वाक्य तयार ठेव. 'आमच्याकडं असंच बोलतात. मुद्दा कळला का तुम्हाला?' आणि पुढचं बोलायला लाग. चिडून नाही, स्वयंपाकघरात मीठ मागावं तशा आवाजात. एकच माणूस सारखी नक्कल करत असेल तर ते साहेबांच्या कानावर घाल, लेखी घाल, तिथं विचार बदलायची गरज तुला नाही त्याला आहे. काही ठिकाणी परिस्थिती खरीच वाईट असते आणि तिथं मनाची समजूत घालत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली बसून मी कोरडी आहे म्हणण्यासारखं. आधी छप्पर बघायचं.

कोर्सच्या पुढच्या लेव्हलचे पैसे भरायचे असतील तर भरू नकोस. जो माणूस आई गेलेल्या मुलीला तूच ओढलंस असं ऐकवून पैसे घेतो, त्याला आपण काय बोललो हे कळत तरी नाही किंवा कळून बोलतो, दोन्ही मला सारखंच वाईट वाटतं. मी एरवी लोकांच्या श्रद्धेबद्दल बोलत नाही, कोणाला वही लिहून शांत वाटत असेल तर खुशाल लिहावी. पण ही गोष्ट मला सहन झाली नाही.

आईचं दुःख मात्र या कशानं जाणार नाही आणि ते जायलाही नको. अपराध आणि दुःख एकत्र मळलं गेलंय तुझं, अपराध बाजूला काढलास की खाली नुसतं दुःख राहील, तेव्हा तू आईसाठी रडशील, आत्ता स्वतःविरुद्ध रडतेयस. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री कधीही लावता येते, मराठीत बोलतात. 'आमच्याकडं असंच बोलतात' तिथंही चालतं. आणि घाम, धडधड फारच होत असेल तर समुपदेशकाकडं जाऊन हीच वही दाखव, ते या प्रयोगाला अजून नीट पायऱ्या पाडून देतील.

मुलीचं. ती तुला हसली नाही गं. पाच वर्षांची आहे, शाळेत शिकलेलं सगळ्यांना सांगत सुटण्याचं वय आहे, तिनं आजोबांनाही सांगितलं असेल की सूर्य पूर्वेला उगवतो. तुझ्या कानाला मात्र त्यात सहा वर्षांपूर्वीचं हसू ऐकू आलं. तिच्याशी बोल. सांग की तुझ्या शाळेत पाणी म्हणतात, माझ्या आईकडं पानी म्हणायचे, दोन्ही प्यालं की तहान भागते. आजी कशी बोलायची ते तिला करून दाखव, आजीचे शब्द शिकव, 'काय करायलीस' शिकव. नाहीतर ती संध्याकाळभराच्या अबोल्यातून हे शिकेल की आईच्या बोलण्यात काहीतरी आहे ज्याबद्दल बोलायचं नसतं, आणि उद्या शाळेत गावाकडची एखादी मुलगी आली तर ही तिला हसेल. असंच तर जातं हे घराघरातून पुढं.

राहिली ती ऑफिसमधली. तिनं महिन्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचंय तुला. फोनवर नको, मेसेजवर नको. उद्या डबा जागेवर उघडू नकोस, घेऊन तिच्या टेबलापाशी जा आणि तुला जसं येईल तसं सांग, 'तू विचारलीस ना, आवडत नाहीत का. आवडतात. मला बोलायची भीती वाटायली होती.' एवढंच. बाकी ती बोलेल. डब्यात धपाटे ने, दोन-चार जास्तीचे, आणि शेंगदाण्याची चटणी जरा झणझणीत कर. पुण्याच्या जिभेला ती झोंबणार. झोंबली की तिच्यासाठी पानी तूच माग.